सासरेबुवांची उघडी फाइल

त्या इमारतीत दुपारी जे कोणी जागं असे, ते पगारी असे.

संस्था दुपारच्या झोपेवर संशोधन करणारी होती. रात्रीच्या झोपेवर जगभर इतकं काम झालेलं होतं की नव्या माणसाला तिथे उभं राहायला जागा नव्हती, आणि संचालकबाईंना तर ऐसपैस बसायला जागा हवी होती. म्हणून त्यांनी वामकुक्षी हा विषय धरला. वरच्या मजल्यावर एक लांबलचक दालन, दालनात खाटांची रांग, खिडक्यांना निळे पडदे. जेवून आलेला माणूस डोक्यावर तारा लावलेली कापडी टोपी चढवी आणि आडवा होई. मग त्याचा श्वास, त्याचं कूस बदलणं, झोपेतलं पुटपुटणं, सगळं तळमजल्यावरच्या सर्व्हरवर एका फाइलमध्ये उतरत राही. ऊन पडद्यातून गाळून येई, पंखे हळूहळू फिरत, आणि सगळं दालन पाण्याखाली असल्यासारखं दिसे. पहिल्यांदा आलेला पाहुणा नकळत आवाज खाली आणी आणि थोड्या वेळाने जांभई देई.

तळमजल्यावर नक्कलराव बसे. हे नाव त्याला कोणी दिलं हे विसरलं गेलं होतं. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर येई. दुपार संपली की त्या दिवशीच्या सगळ्या फायलींची नक्कल काढून दुसऱ्या इमारतीतल्या दुसऱ्या यंत्रावर ठेवायची, हे त्याचं काम. फाइल हरवली तर नक्कल असावी, नक्कल हरवली तर नकलेची नक्कल असावी. हे काम नीट झालं की काहीच घडत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत त्याची पाठ कोणी थोपटली नव्हती, आणि ही त्याच्या कामाची पावतीच आहे असं तो स्वतःला समजावत असे.

अट एकच: फाइल मिटलेली हवी. जिच्यात अजून लिहिणं चालू आहे तिला सर्व्हर कुलूप लावून ठेवतो. नकला काढणारा बॅकअपवाला प्रोग्रॅम येतो, कडी वाजवतो, आतून कोणी "आहे" म्हणालं की न्हाणीघराच्या दारातून परत फिरावं तसा परत फिरतो, आणि रिपोर्टात लिहितो, "वगळली. वापरात आहे."

फाइल मिटायची ती बेलने. उशाशी बटण होतं. जागं झालेल्या माणसाने डोक्यावरची टोपी न काढता ते दाबायचं. दाबलं की बेल वाजे, आणि झोप शास्त्रीयदृष्ट्या संपे. झोप संपल्याचं झोपणाऱ्यानेच सांगितलं पाहिजे, हा संचालकबाईंचा सिद्धान्त. पूर्वी झाडणाऱ्या बाईंकडून फडकं मारताना बटणं दाबली जात, आणि निम्मी रांग कागदोपत्री जागी होऊन प्रत्यक्षात घोरत राही. तेव्हापासून बटणाला ज्याच्या त्याच्या अंगठ्याचा ठसा लागे. बेल मात्र स्वस्तातली, शाळेत शोभेल अशी होती. पहिल्याची वाजली की सगळं दालन दचकून उठे आणि मग सगळ्यांच्याच बेला वाजत. "एकाच वेळी जागं होण्याची सामूहिक प्रवृत्ती" असा बाईंचा एक निबंध त्यावर निघाला होता.

नक्कलरावाचे सासरे या दालनात झोपायला येऊ लागले ते सासूबाई गेल्यानंतर. ते लेकीकडे राहायला आले, एक बॅग घेऊन आणि एक शब्द घेऊन. शब्द होता "हं". जेवायला वाढू? हं. पाऊस येईलसं वाटतं. हं. डोळ्यांत पाणी का आलं बाबा? हं. दुपारी ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राहत, आणि भिंतही बिचारी अवघडून गेल्यासारखी दिसे.

"तुमच्या त्या झोपाळू कारखान्यात न्या ना त्यांना," बायको म्हणाली. "घरी डोळा लागत नाही त्यांचा. तिथे निदान लागतो का बघा."

"तिथे न लागलेला अजून कोणी पाहिला नाही. मीच कसाबसा टिकून आहे."

सासरेबुवांनी खाटेकडे पाहिलं, "हं" म्हटलं, आणि पहिल्याच दुपारी ते झोपले. अरुंद खाट, तरी त्यांनी अंग एका कडेला चोरून घेतलं होतं आणि भिंतीकडची बाजू मोकळी ठेवली होती.

त्या दिवसापासून रिपोर्टात एक ओळ येऊ लागली. वगळलेल्या फायली: एक. वापरात आहे.

नक्कलरावाला आधी वाटलं, म्हातारा माणूस, जास्त वेळ झोपत असेल. मग एकदा त्याने नीट पाहिलं, तर रोज वगळली जाणारी फाइल एकच होती. पहिल्या दुपारी उघडलेली, ती अजून मिटलीच नव्हती. तो वर जाऊन खांबाआड उभा राहिला. सासरेबुवा जागे झाले. टोपी काढली, तारा सुरळीत करून उशीवर ठेवली. चादरीची घडी घातली, अशी की सुरकुत्यांनाही चाहूल लागू नये. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी दालनाबाहेर गेले. बटणाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

म्हणजे सर्व्हरच्या हिशेबी हा माणूस महिनोन्‌महिने झोपलेला होता. मंडईत टोमॅटो दाबून पाहत होता तेव्हा झोपलेला होता. न्हाव्याकडे दाढी करून घेताना झोपलेला होता. उशीवरच्या टोपीतून सरळ सपाट रेघ येत राही, आणि दुसऱ्या दुपारी डोकं परत टोपीत आलं की रेघ पुन्हा हलू लागे.

ती सपाट रेघ संचालकबाईंच्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांनी तिला "अतिगाढ अवस्था" असं नाव दिलं होतं आणि परदेशातल्या परिषदेत वाचायला निबंध तयार ठेवला होता.

"बाई, त्या वेळी ते मंडईत असतात," नक्कलराव एकदा म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही पाहिलंत?"

"हो, म्हणजे भाजी आमच्याच घरी येते."

"भाजी हा पुरावा नव्हे," बाई म्हणाल्या, आणि चष्मा परत लावला.

एवढ्यावर हे वर्षानुवर्षं चाललं असतं. पण दालनातल्या सिस्टर एक दिवस नक्कलरावाच्या बायकोला रस्त्यात भेटल्या.

घरी आल्या आल्या तिने पर्स टेबलावर टाकली. "अहो, बाबा बोलतात."

"कुठे?"

"तुमच्याकडे. झोपेत. सिस्टर म्हणाल्या, शेवटी शेवटी, जाग यायच्या जरा आधी, रोज काहीतरी बोलतात. नीट, वाक्यंच्या वाक्यं. आईशी." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "आणि मी इथे वर्षभर हं ऐकतेय. तुम्ही मला ते ऐकवा."

"फाइल उघडी आहे."

"मग उघडीच आहे ना! कान लावायचा आणि ऐकायचं."

"उघडी आहे म्हणूनच ऐकता येत नाही. मिटली की ऐकता येईल."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की एखाद्या कमकुवत माणसाने तिथल्या तिथे नोकरी सोडली असती. "उघडी असली की बंद आणि बंद केली की उघडते. या असल्या गोष्टीला तुम्ही आयुष्य वाहिलंत."

त्यातच जुन्या सर्व्हरची डिस्क कण्हू लागली. आधी हलकं खरखरणं, मग मधूनच एक लांब उसासा, सोफ्यातून उठताना माणूस सोडतो तसा. संस्थेने नवा सर्व्हर मागवला. शनिवारी दुपारनंतर कंपनीची माणसं येऊन जुना उचलून नेणार होती. बाकी सगळ्याच्या नकला कधीच्या झाल्या होत्या. सासरेबुवांची फाइल तेवढी फक्त त्या कण्हणाऱ्या डिस्कवर होती. तिच्यात लिहिणं चालू असताना सर्व्हर बंद केला, तर फाइल तशीच अर्धवट मोडणार होती, आणि मोडलेली फाइल जोडून देणारा वैद्य अजून जन्मला नव्हता.

नक्कलरावाने आपल्या विद्येचा पहिला प्रयोग केला. उघड्या फाइलची छायाप्रत काढता येते. सर्व्हरला सांगायचं, घटकाभर श्वास रोखून धर. तेवढ्यात फाइल जशी दिसेल तशी टिपून घ्यायची. त्याने टिपली. प्रत निघाली, वजनही अगदी बरोबर भरलं. पण ती उघडेना. नोंदी घेणारा जुना प्रोग्रॅम शेवटची खूण बेल वाजल्यावरच लिहीत असे, आणि त्या खुणेवाचून आतलं काहीच वाचता येत नव्हतं. क्रियापदाआधीच थांबलेलं लांब वाक्य असतं तसं: माणसं, जागा, वेळ, सगळं आलेलं, पण काय झालं ते कळत नाही.

मग त्याने सरळ विचारलं. रात्रीचं जेवण चाललं होतं. "बाबा, उद्या उठलात की बेल वाजवाल का?"

"हं."

दुसऱ्या दिवशी चादरीची घडी, हातात चपला, अनवाणी पावलं.

त्याने त्या खाटेच्या बेलला जुन्या बनियनचं फडकं गुंडाळलं आणि सासऱ्यांना दाखवलं. बटण दाबलं तर आता नुसतं "टक्" होणार होतं. सासरेबुवांनी फडकं निरखलं, बनियन जावयाचं असल्याचं ओळखलं, आणि "हं" म्हणाले. त्यात थोडी कीव होती. बटण काही त्यांनी दाबलं नाही.

गुरुवारी नक्कलराव खाटेशी गेला तेव्हा ते गाढ झोपेत होते. हात चादरीबाहेर, अंगठा वर. बटण वीतभर दूर. झोपलेल्याला हात लावायचा नाही, असा संस्थेत नियम होता, आणि तो खुद्द नक्कलरावानेच मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावला होता. त्याने नियमाकडे पाठ केली. तो हात उचलला. हलका, ऊबदार, वाळलेल्या पानासारखा हात. बटणाजवळ नेला. पंखा फिरत होता, पडदा फुगून परत खिडकीला चिकटत होता, आणि कुठल्या तरी खाटेवरून मंद, समाधानी घोरणं येत होतं.

"झोप तू," सासरेबुवा म्हणाले.

डोळे मिटलेले होते. आवाज एकदम तरुण, घरातला, पाठीमागे दार लोटून घ्यावं तसा मऊ.

"झोप. चहा मी टाकतो."

नक्कलरावाने तो हात होता तिथे ठेवून दिला आणि जिना उतरून खाली आला. बराच वेळ तो सर्व्हरसमोर नुसता बसला. सर्व्हरनेही एक उसासा सोडला.

संध्याकाळी तो सासऱ्यांबरोबर बाहेर फिरायला गेला. दोघं पुलाच्या कठड्याशी थांबले. खाली पाणी चाललं होतं, घाई नसल्यासारखं.

"बाबा, बेल का वाजवत नाही?"

हं सुद्धा नाही.

"आवाज होतो," सासरेबुवा शेवटी म्हणाले.

नक्कलराव जागीच स्तब्ध उभा राहिला. रानातलं हरीण समोर आल्यावर माणूस राहतो तसा.

"आवाज होतो आणि तिची झोप मोडते. पहाटेपासून राबायची. दुपारची तेवढी झोप. मी आधी उठायचो, दबकत. चहा झाला की मग हाक मारायची." त्यांनी कठड्यावरचा धुळीचा कण झटकला. "ती नाही, हे मला माहीत आहे हो. हाताला माहीत नाही."

एवढं बोलून त्यांनी वर्षाचा कोटा संपवल्यासारखं तोंड मिटलं.

घरी आल्यावर नक्कलरावाने हे बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला नाही. भांडं हातात, पाणी चाललेलं, ती उभी.

"झोप तू, असंच म्हणाले? चहा मी टाकतो?"

"अस्संच."

"ते असं म्हणायचे तेव्हा ती जागीच असायची," बायको म्हणाली. "आई खरी झोपलेली नसायची. डोळे मिटून पडलेली असायची, चहा आयता मिळावा म्हणून. मी बघितलंय ना लहानपणी. एक डोळा उघडायची आणि मला डोळा मारायची." तिने नळ बंद केला. "शनिवारी मी येते."

"बाहेरच्यांना दालनात मज्जाव आहे."

"झोपायला येतेय. झोपायला कोणाला मज्जाव आहे?"

शनिवारी कंपनीची दोन दांडगी माणसं ढकलगाडी घेऊन वेळेआधीच हजर झाली. "उचलायचा?" त्यांनी विचारलं.

"थोडं थांबा. वर एक जण झोपलेत."

"मग?"

"ते उठेपर्यंत हा बंद करता येत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग ते तिथल्या बाकावर टेकले. तळमजल्याला थंडावा होता, यंत्राची एकसुरी गुणगुण होती. हां हां म्हणता दोघांच्या माना खाली आल्या आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर विसावलं.

संचालकबाई दालनाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा घरचं कोणी दूरच्या प्रवासाला निघावं तसा. फाइल मिटली तर सर्वांत लांब झोपेचा विक्रम संपणार होता, आणि मिटली नाही तर विक्रमाचा मागमूसही उरणार नव्हता. "बघा काय होतं ते," त्या कुजबुजल्या, आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे भिंतीला टेकून तटस्थ झाल्या.

सासरेबुवांच्या भिंतीकडच्या बाजूला, हातभर अंतरावर, सिस्टरनी आणखी एक खाट लावून दिली होती. बायको तिच्यावर आडवी झाली. टोपी नाही, तारा नाहीत. बेलवरचं बनियन तिने आल्या आल्या काढून नवऱ्याच्या हातात कोंबलं होतं. तोंडाने काही म्हणाली नव्हती, पण ते त्याला नीट ऐकू आलं होतं.

दुपार चढली आणि उतरू लागली. निळा उजेड खाटांवरून सरकत होता. इतकी माणसं श्वास घेत होती की दालनच वर खाली होतंय असं वाटत होतं. नक्कलराव खांबाआड उभा होता आणि त्याला एकदा असंही वाटून गेलं की आपणच कुणाच्या तरी फाइलमध्ये उतरतोय, आणि ती मिटेपर्यंत आपलं काय झालं ते कोणालाच कळायचं नाही.

"झोप तू," सासरेबुवा पुटपुटले. "चहा मी टाकतो."

आणि जागे झाले.

हात टोपीकडे गेला. तेवढ्यात त्यांची नजर शेजारच्या खाटेवर गेली. लेक कुशीवर पडली होती, गालाखाली तळहात, डोळे टक्क उघडे. क्षणभर त्यांना ती कोण वाटली कोण जाणे. हात अधांतरीच राहिला.

"जागी आहेस?" ते हळूच म्हणाले.

"जागी आहे."

"कधीची?"

"पहिल्यापासून. तीही जागीच असायची, बाबा. रोज. तुमच्या हातचा चहा हवा असायचा, म्हणून सोंग घ्यायची. मला डोळा मारायची."

दालनात कोणाच्या तरी खाटेची स्प्रिंग किरकिरली.

"सोंग," ते म्हणाले.

"पक्कं."

त्यांच्या खांद्यांत काहीतरी हललं. आधी रडू वाटलं. मग कळलं, ते हसत होते. आवाज न करता, इतक्या वर्षांच्या सवयीने. "आणि मी चपला हातात घेऊन फिरायचो," ते म्हणाले. "थंडीतसुद्धा!"

मग टोपी डोक्यावर तशीच ठेवून ते बटणाकडे वळले, आणि हाताला विचार करायला वेळ न देता त्यांनी अंगठा दाबला.

बेल अशी कडाडली की सगळं दालन ताडकन उठून बसलं. बेलांमागून बेला वाजू लागल्या. खाली कंपनीची माणसं "उचला! उचला!" असं ओरडत उभी राहिली आणि रिकाम्या ढकलगाडीला धडकली. संचालकबाईंनी घड्याळात पाहून जड हाताने काहीतरी टिपलं.

नक्कलराव जिन्यावरून धावत खाली गेला. कुलूप निघालं होतं. फाइल मिटली होती, शेवटच्या खुणेसकट. त्याने बॅकअप सुरू केला आणि पडद्यावरची पट्टी रांगत्या मुलासारखी पुढे सरकू लागली. डिस्क खरखरली, थांबली. त्याने तिच्या पाठीवर तळवा ठेवला. "एवढं एक," तो म्हणाला, आणि त्याच वेळी मनात नोंद केली की हे कोणाला सांगायचं नाही. डिस्कने एक लांब उसासा सोडला आणि पट्टी पुन्हा चालू लागली.

नक्कल झाली. ती उघडते की नाही हे तपासणं त्याच्या कामातच मोडत होतं, म्हणून त्याने मधूनच कुठेतरी ऐकलं. श्वास. मग तेच वाक्य. मग चादरीच्या घडीची सळसळ, अनवाणी पावलं, आणि त्यानंतर कितीतरी वेळ नुसतं रिकामं दालन: पंखा, पडदा, दूरवरचा एखादा हॉर्न, झाडणाऱ्या बाईंचं गुणगुणणं. अतिगाढ अवस्था हीच. बाईंनी नाव काही वाईट ठेवलं नव्हतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"न्या," तो कंपनीच्या माणसांना म्हणाला.

त्या दिवशीच्या रिपोर्टात वगळलेल्या फायलींपुढे शून्य होतं. कोणी त्याची पाठ थोपटली नाही.

सासरेबुवा अजून दालनात झोपायला जातात आणि उठल्यावर बेल वाजवतात, जरा जास्तच वेळ. आजूबाजूच्यांची तक्रार आहे. रोज त्यांची नवी फाइल उघडते आणि मिटते, चारचौघांसारखी, आणि संचालकबाई त्यांच्याकडे बिघडलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहतात. घरी ते बोलतात. फार नाही, पण चहात साखर जास्त झाली तर आता हं म्हणत नाहीत, साखर जास्त झाली म्हणतात. एकदा तर, तुझी आई बरी बनवाबनवी करायची, असंही म्हणाले, आणि दिवसभर त्यावर खूश होते.

त्या फाइलची एक नक्कल नक्कलरावाने घरी आणून बायकोला दिली. तिने ती कपाटात, आईच्या शालीच्या घडीत ठेवली. ऐकली मात्र नाही. त्याने एकदोनदा विचारलं, तेव्हा म्हणाली, ऐकू कधीतरी, आता बाबाच बोलतायत ना.

फक्त कधी कधी, वडील बाहेर गेलेले असताना, हातातलं काम थांबवून ती विचारते.

"आहे ना ती?"

"आहे. दुसरीकडेही एक आहे."

"बरं," ती म्हणते, आणि पुन्हा कामाला लागते.